संत्र्याच्या पेटीतले एकतीस खण

बाबांचा डबा अजून माझ्या टेबलावर असतो. घरात सगळे त्याला डबाच म्हणतात, पण आहे ती पेटी. काटोलहून संत्री भरून आलेल्या पेट्यांच्या फळ्या काढून आमच्या नागपुरातल्या नंदनवन भागातल्याच एका सुतारानं ती करून दिली होती. हातभर लांब, वीतभर रुंद, झाकण नाही. आत पुठ्ठ्याचे ४३ पडदे उभे आहेत: बारा महिन्यांचे १२ आणि चालू महिन्याच्या तारखांचे ३१. पुठ्ठे जुन्या लग्नपत्रिकांचे. सात तारखेच्या पडद्यामागे अजून अर्धा गणपती दिसतो, एकोणीसच्या मागे कुणाच्या तरी साक्षगंधाची वेळ. दोन पडद्यांमधल्या जागेला बाबा खण म्हणत. खणात कार्डं. एक कार्ड म्हणजे एक माणूस.

बाबा आयुर्विम्याचे एजंट होते. मी करते त्या कामाला मार्केटिंग ऑटोमेशन म्हणतात. नंदनवनच्या मेन रोडपासून दोन गल्ल्या आत, घराच्या पुढच्या खोलीत बसून मी दुकानांची, क्लासेसची, पॅथॉलॉजी लॅबची कामं करते. गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव सिस्टिममध्ये जातं आणि पुढे ठरल्या वेळी ठरलेला मेसेज त्याच्या फोनवर पडतो. स्क्रीनवर ते सगळं चौकोनांनी आणि बाणांनी मांडलेलं असतं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मेसेजच्या चौकोनातच रमतात. शब्द कोणते, फोटो कोणता. मी त्यांना मधल्या लहान चौकोनाकडे बघायला सांगते. त्यावर घड्याळाचं चित्र असतं आणि लिहिलेलं असतं की इतके दिवस थांबा. हा आकडा बहुतेक जण अंदाजानं भरतात. तीन, सात, तीस. तीनच का, असं विचारलं की गप्प होतात. आमच्या घरात मात्र अशा प्रत्येक आकड्याला कारण होतं. ती कारणं कुठून कुठून आली ते लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. विचारायला माणूस आहे तोवर लिहिलेलं बरं.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ ला सुरू झालं. त्याआधी देशात विम्याचं काम करणाऱ्या २४५ कंपन्या आणि सोसायट्या होत्या, त्या एकत्र करून हे महामंडळ झालं. शहरातलं काम गावात न्यायचं, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता, आणि ते नेलं एजंटांनी, सायकलवर. बाबा काटोलकडून नागपूरला आले ते सत्तरच्या सुमारास. त्यांचे पॉलिसीवाले पूर्व नागपुरातले: एम्प्रेस मिलचे कामगार, हातमागावर बसणारे, शाळामास्तर, किराणा दुकानदार, आणि उमरेड, कुही, मौद्याकडचे शेतकरी. नंदनवनात आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट होते. केडीके इंजिनीअरिंग कॉलेज १९८४ ला निघालं, त्यानंतर हा भाग भरत गेला.

किस्त भरायची तारीख टळली म्हणून पॉलिसी लगेच बंद पडत नाही. वर्षाची, सहामाही किंवा तिमाही किस्त असेल तर महिनाभर, निदान तीस दिवस, सवलत असते. महिन्याची किस्त असेल तर पंधरा दिवस. या दिवसांत माणूस गेला तर राहिलेली किस्त कापून घरच्यांना विम्याचे पैसे मिळतात. मुदत संपली की पॉलिसी लॅप्स. म्हणजे या धंद्यात थांबण्याचे दिवस नियमातच लिहिलेले. एजंटाचं काम काय, तर त्या तीस दिवसांच्या आत-बाहेर आपली माणसं कुठे उभी आहेत ते रोज बघणं. पैसे ज्यानं त्यानं ऑफिसच्या खिडकीवर भरायचे. बाबांनी फक्त आठवण द्यायची.

फक्त म्हणते, पण ती कधी द्यायची यातच बाबांची सगळी हुशारी होती. किस्तीच्या तारखेच्या वीस दिवस आधी पोस्टकार्ड. तारखेच्या आधी दुसरं काही नाही. तारीख टळली की पहिले दहा दिवस बाबा त्या माणसाच्या गल्लीतूनसुद्धा जात नसत. विसाव्या दिवशी संध्याकाळी घरी जाणं. सत्ताविसाव्या दिवशी पुन्हा, आणि गरज पडली तर त्याला सायकलवर मागे बसवून ऑफिसात नेणं.

वीसच का, हे मी मोठी झाल्यावर विचारलं. बाबा म्हणाले, "हे पाय, पोस्टकार्ड गावात जायले तीन दिवस. घरात पडून राह्यते दोन दिवस. मग मधात एक पगार नाही तं एक बाजार आला पाहिजे. पैसा त्याच दिवशी हातात येते. त्याच्या आधी आठवण देऊन काय फायदा?" मिलवाल्याला पगार महिन्यातून एकदा, पण तो उचल घेऊ शकतो. गाववाल्याला आठवडी बाजार. वीस दिवसांत या दोन्हींपैकी काहीतरी बसतंच. तारखेनंतरच्या दहा दिवसांचं कारण वेगळं. ज्याला भरता आलं नाही त्याला ते माहीतच असतं. त्या दिवसांत एजंट दारात उभा राहिला तर माणूस मागच्या दारानं निघून जातो आणि पुढे कायमचा टाळायला लागतो. दहा दिवसांत लाज थोडी ओसरते आणि सोयही होत आलेली असते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत तर बाबा पॉलिसी सुरू करण्याआधीच थांबत. कापूस वेचून, विकून पैसा हातात येईपर्यंत दिवाळी उलटून जाई. राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून होती आणि चुकारा मिळायला वेळ लागे. म्हणून पावसाळ्यात कुणी शेतकरी हौसेनं पॉलिसी घ्यायला निघाला तरी बाबा त्याला म्हणत, थांबा जी, संक्रांतीनंतर करू. जानेवारीत सुरू झालेल्या पॉलिसीची किस्त दरवर्षी जानेवारीतच येते. पाच महिने कमिशनसाठी थांबायचं, पण पुढची वीस वर्षं त्या माणसाला किस्त जड जाणार नाही. बरोबरीचे दुसरे एजंट मार्चच्या आकड्यांमागे धावत असताना घरात पैसा कमी असायचा, हे मला आठवतं. आईलाही आठवतं.

हे थांबणं बाबा विम्यात शिकले नाहीत. ते संत्र्याच्या बागेत शिकले. आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, काटोलजवळ बाग होती. संत्र्याचं झाड वर्षातून दोनदा फुलू शकतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, पाऊस लागल्यावर फुलतो तो मृग बहार. कोणता धरायचा ते बागवाला ठरवतो, आणि ठरवायचं साधन एकच, पाणी तोडणं. त्याला ताण देणं म्हणतात. आंबिया धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास ओलित बंद. झाड वाढ थांबवतं, पानं फिकी पडतात, काही गळतात, आणि आत साठा होत जातो. मग पाणी सोडलं की एकदम फुलावर येतं. हलक्या जमिनीत ताण तीन-चार आठवड्यांत बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल धरून असते म्हणून जास्त दिवस लागतात. कमी पडला तर फूल विरळ, जास्त झाला तर फांद्या वाळायला लागतात.

आबाजी दिवस मोजत, पण दिवसांवर विसंबत नसत. दुपारी पान मिटलेलं दिसतंच. ते सकाळीही उघडलं नाही, की ताण पुरा झाला असं ते म्हणायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पहाटे बागेत गेले आहे. धुकं, चपला ओल्या, आणि आबाजी एकेका झाडाशी थांबून पान अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बघत आहेत. तोडत नसत, नुसतं धरत. त्यांच्या बागेत एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंच्या झाडांना वेगवेगळ्या दिवशी पाणी सुटायचं.

आज माझ्या क्षेत्रात ओळीनं ठरावीक अंतरानं जाणाऱ्या मेसेजेसना ड्रिप कॅम्पेन म्हणतात. ड्रिप म्हणजे ठिबक, शेतातलंच ठिबक. इस्रायलमधल्या हात्झेरिम किबुत्झमध्ये १९६५ ला नेटाफिम सुरू झाली आणि थेंबाथेंबानं पाणी देण्याची पद्धत तिथून जगभर गेली. महाराष्ट्रात ती घरोघरी पोचवली जळगावच्या भवरलाल जैनांनी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. काटोल-वरुडकडे आता बागांना नळ्या आहेत. जाहिरातवाल्यांनी ठिबक हा शब्द उचलला, पण ताण उचलला नाही. थेंब सतत पडत राहिला तर संत्र्याला बहार धरता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मला हे फार मोठं राहून गेलेलं वाटतं. पाणी कधी द्यायचं नाही हे ज्याला कळतं त्यालाच आमच्याकडे बागवाला म्हणतात.

आबाजींच्या गावात आणखी एक रीत होती. लग्नाचं किंवा तेरवीचं जेवण असलं की सकाळीच घरोघर आवतण जायचं. अख्ख्या घराला असलं तर चूलबंद आवतण. त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पण आवतण मिळालं म्हणून कुणी लगेच निघत नसे. पंगत बसायच्या वेळी तोच माणूस पुन्हा यायचा, "चला जी जेवाले." पहिल्या निरोपानं घर तयारीत राहायचं, दुसऱ्यानं निघायचं. मधला वेळ किती, ते स्वयंपाकावर अवलंबून. भात शिजायला उशीर झाला तर दुसरा निरोप उशिरा. अमुक तासांनी पाठवा, असं नसे. तयार झालं की पाठवा, असं असे. ऑटोमेशनमध्येही थांबण्याचे हेच दोन प्रकार आहेत: एक, ठरावीक वेळ थांबा, दुसरा, अमुक गोष्ट होईपर्यंत थांबा. दुसरा प्रकार मांडायला कटकटीचा म्हणून लोक पहिल्यावर भागवतात.

आता पोस्टाचं. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. पाकिटाहून स्वस्त, आणि उघडं. उघडं असल्यामुळे घरातला कुणीही वाचू शकतो आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पोस्टमन वाचून दाखवतो. आठवणीच्या पत्राला हे सोयीचं. माझ्या लहानपणी ते १५ पैशांना मिळायचं, वाघाचं चित्र छापलेलं. बाबा मजकूर लिहीत, पत्ता मी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला होता. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. ते सहा चौकोन भरणं माझं काम. नागपूर शहर असलं की पहिले तीन आकडे ४४०. चुकीचा आकडा पडला तर कार्ड दोन दिवस भलतीकडे हिंडून येईल आणि वीसाचे अठरा होतील, असं बाबा सांगत. आकडा काढताना मी श्वास धरून बसायचे.

कार्डं टाकायला मीच जायचे. चौकातल्या लाल डब्याच्या तोंडाखाली एक छोटी खिडकी होती आणि तिच्यात पत्र्याची पट्टी: पुढची निकासी किती वाजता. पोस्टमन डबा उघडून पत्रं काढायचा, पट्टी बदलायचा आणि कुलूप लावायचा. पट्टी बदलली की त्या वेळेचं सगळं गेलं, आता जे पडेल ते पुढच्या वेळी. मी कधी धावत जाऊन पट्टी बदलायच्या आत कार्डं टाकली आहेत, कधी एका मिनिटानं चुकले आहे. वेळ ठरवून निरोप सोडणारं पहिलं यंत्र मी पाहिलं ते हे.

डबा चालवण्याचा बाबांचा रिवाज असा. पहाटे चहाच्या आधी आजच्या तारखेचा खण पूर्ण रिकामा करायचा. निघालेलं प्रत्येक कार्ड हातात घेऊन काय करायचं ते ठरवायचं, आणि काम झालं की ते कार्ड पुढच्या तारखेच्या खणात ठेवायचं. किस्त भरली असेल तर सरळ पुढच्या महिन्यांच्या खणात. संध्याकाळी आजचा खण रिकामाच दिसला पाहिजे. कार्डाच्या पाठीवर बाबांच्या बारीक अक्षरात नोंदी: मुलीचं साक्षगंध फेब्रुवारीत, मिलमध्ये पाळी बदलली, दुपारी झोपतो, बायकोशी बोलावे. काही कार्डांना लाल दोरा बांधलेला. लाल दोरा म्हणजे त्या घरात मयत झाली आहे, तेरवी होईपर्यंत या कार्डाला हात लावायचा नाही.

एका कार्डाचा दोरा कधीच सुटला नाही. ते कार्ड अजून डब्यात सगळ्यात मागे आहे. एम्प्रेस मिलमधला कामगार. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ही मिल. पूर्व नागपूरची दोन-तीन पिढ्यांची घरं तिच्या भोंग्यावर उठायची आणि झोपायची. शेवटी २००२ ला ती कायमची बंद झाली, पण हे त्याच्या पंधरा वर्षं आधीचं. त्या माणसाची पॉलिसी दोन वर्षंही झाली नव्हती. किस्त राहिली, मुदतीचे दिवस चालू झाले, आणि त्याच महिन्यात बाबांना कावीळ झाली. बाबा पाच आठवडे खाटेवर. डबा तसाच टेबलावर. आईला वाटलं, हे बरे झाले की बघतील. मुदत संपून चौथ्या दिवशी तो माणूस रात्रपाळीहून घरी येऊन झोपला आणि गेला. झोपेतच. लहान दोन मुली होत्या. पॉलिसी लॅप्स झालेली होती, मिळण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बाबा काठी टेकत त्यांच्या घरी गेले ते तेराव्या दिवशी. परत आल्यावर जेवले नाहीत. रात्री मला जवळ बोलावलं, डबा मांडीवर घेतला आणि कार्डं कशी काढायची, कशी ठेवायची ते पहिल्यापासून शिकवलं. मी अकरा वर्षांची होते. "मी असो का नसो," म्हणाले, "सकाळी खण खाली झाला पाहिजे." त्या दिवसापासून मी परगावी नसले तर डबा मी उघडत आले. बाबांनी त्या घराला दोन्ही मुलींची शाळा होईपर्यंत जे दिलं ते आईला माहीत होतं, आम्हा मुलांना फार पुढे कळलं.

कॉम्प्युटर शिकायला गेले तेव्हा क्रॉन भेटला आणि मी चकित झाले. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ ला, हा लहानसा प्रोग्रॅम आला. तो दर मिनिटाला जागा होतो, यादी बघतो, या मिनिटाला काही करायचं आहे का ते तपासतो, असेल तर करतो, पुन्हा झोपतो. नाव ग्रीकमधल्या काळाच्या शब्दावरून. आजही सर्व्हरवर ठरावीक वेळी होणाऱ्या कितीतरी गोष्टींच्या तळाशी हीच पद्धत असते. बाबांचा डबाच तो, फक्त दिवसाऐवजी मिनिटाचे खण. पण बाबा कार्ड हातात घेऊन उलटून पाठ वाचायचे. क्रॉन पाठ वाचत नाही. वाचायला लावायचं असेल तर ते आपण वेगळं लिहावं लागतं. माझ्या धंद्याचा सगळा इतिहास मला या एका फरकाभोवती फिरताना दिसतो.

एसएमएसच्या दिवसांत तर खण उरलेच नव्हते. एक बटण दाबलं की दहा हजार मेसेज, आत्ताच्या आत्ता. रात्री साडेअकराला प्लॉटच्या जाहिराती यायच्या. शेवटी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, थांबायला लावावं लागलं. २७ सप्टेंबर २०११ पासून रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातीचे मेसेज पाठवायला बंदी आली. त्या दिवशी बाबांना हे वाचून दाखवलं तर ते एवढंच म्हणाले की नऊनंतर कोणाच्या घरी जायचं असतं का? पुढे २०१८ च्या नियमांनी पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी आली. व्हॉट्सॲपनं धंद्यांसाठी वेगळी सोय त्याच वर्षी उघडली आणि तिच्यात २४ तासांची खिडकी ठेवली: गिऱ्हाईक शेवटचं बोलल्यापासून २४ तासांत मोकळेपणी उत्तर द्या, त्यानंतर बोलायचं तर आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुरातच. पोस्टाच्या डब्यावरच्या पट्टीची मला आठवण झाली.

माझ्या हातून झालेल्या दोन चुका इथे लिहिते, कारण त्याही या इतिहासातल्याच आहेत.

पहिली घड्याळाची. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी आदल्या रात्रीची सूचना लावली होती: उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे, जेवणानंतर काही खाऊ नका. वेळ, रात्री आठ. सिस्टिमचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं ते मी बदललं नव्हतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे. सूचना रात्री दीडला गेली. ज्यांच्याकडे गेली त्यांत एक सत्तरीचे गृहस्थ होते; रात्री दीडला फोन वाजला म्हणजे कुणीतरी गेलं, असं धरून ते उठले आणि अंधारात पडले. हाड मोडलं नाही, पण मी त्यांच्या घरी जाऊन बसले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. हे साडेपाच तास काही आकाशातून आलेले नाहीत. भारताची एक वेळ ठरली १ जानेवारी १९०६ ला, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. त्याआधी रेल्वे मद्रासच्या घड्याळावर चालायची आणि मुंबईचं घड्याळ वेगळं. नागपूर त्या रेषेच्या पश्चिमेला आहे, म्हणून आमच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून चौदा मिनिटांच्या आसपास झालेले असतात. कुणाचे आठ, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि मी तो विचारायला विसरले होते.

दुसरी चूक त्याहून वाईट. एका साडीच्या दुकानासाठी लग्नाच्या बस्त्याची मालिका बांधली होती. खरेदीनंतर तीन दिवसांनी आभार, श्रावण लागला की मंगळागौरीच्या साड्या, अकरा महिन्यांनी लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाची सूट. एका सकाळी दहाला तो वाढदिवसाचा मेसेज गेला. अकराला मुलीच्या आईचा मला फोन आला. दुकानानं माझा नंबर दिला होता. बाई चिडल्या नव्हत्या. "आमच्याकडे आज जावयाची तेरवी आहे जी," एवढंच म्हणाल्या. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. डब्यातला लाल दोरा माझ्यासमोर टेबलावर होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. नंतर माझ्याकडच्या प्रत्येक मालिकेत मी एक चौकोन घातला. मेसेज जाण्याच्या तीन दिवस आधी ती नावं दुकानातल्या माणसाकडे येतात, आणि त्यानं एकेक नाव वाचून हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. दुकानदार म्हणतात, मग ऑटोमेशन कशाला? मी त्यांना सांगते की गल्लीतल्या कुणाकडे काय झालं ते तुमच्या काउंटरवरच्या माणसाला माहीत असतं, सिस्टिमला नसतं. दोन दुकानांनी याच कारणानं काम काढून घेतलं. बाकीच्यांनी ठेवलं. काउंटरवरची माणसं आता आपणहून फोन करतात: ताई, त्या घरचं नाव जरा बाजूला ठेवा.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एका ट्यूशन क्लासच्या फीची आठवण लावत बसले होते. तारीख हिशेबानं पडत होती ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी नागपुरात सकाळी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची मिरवणूक १८८१ पासून आणि पिवळीची १८८५ पासून चालत आली आहे. संध्याकाळी तान्हा पोळा. लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघर फिरवतात, आईबाप त्यांच्या मागे. त्या दिवशी फीचा मेसेज कोण वाचणार आणि कशाला वाचावा? मी तो चार दिवस पुढे नेला. बाबा पलीकडच्या खुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावर.

"भरलेल्याईचे नाव काढले का?" त्यांनी विचारलं.

काढले होते. सिस्टिमनंच काढले होते, ऑनलाइन भरलेल्यांचे. तरी मी क्लासच्या सरांना फोन लावला आणि ज्यांना जाणार होता ती चौदा नावं वाचून दाखवली. नवव्या नावाला सर थांबले. त्या मुलाची आई परवाच रोख देऊन गेली होती, पावतीपुस्तकात होतं, कॉम्प्युटरवर चढवायचं राहिलं होतं. बाराव्यालाही तसंच. मी दोन्ही नावं काढली आणि उरलेली बारा पुन्हा एकदा वाचली.